ईएलसीबी सारखा पडतोय, परवानाधारक इलेक्ट्रिशियन हवाय

कोथरूडला १९९२ सालच्या इमारतीत टू बीएचके, वायरिंग मूळचंच. पावसाळा लागल्यापासून ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) दिवसातून तीन-चारदा पडतो. गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांचे प्लग काढून पाहिले. ईएलसीबी नवा बसवला. तरी पडतोच, म्हणजे गळती वायरिंगमध्येच असावी.

आलेला इलेक्ट्रिशियन म्हणाला, 'काढून टाकू, डायरेक्ट करतो.' घरात दोन वर्षांचं मूल आहे, हे मी अजिबात करू देणार नाही.

भिंती फोडायच्या आधी मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून एकेक सर्किट तपासणारा माणूस हवाय. खर्चाची तयारी आहे. कुणी वायरमन परवाना किंवा ठेकेदाराचं लायसन्स दाखवलं, तर त्यावर नेमकं काय बघायचं? आणि काम झाल्यावर लेखी टेस्ट रिपोर्ट मागता येतो का?