मदत हवी आहे: 'चैनीच्या वस्तू' मधली 'चैन' आली कुठनं?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा. काल पोरीचा अर्थशास्त्राचा अभ्यास घेताना गरजेच्या वस्तू, सुखसोयीच्या वस्तू, चैनीच्या वस्तू असं आलं, दागिने, महागडी गाडी वगैरे, आणि तेवढ्यात आतनं आई म्हणाली गुडघ्यानं रातभर चैन पडली नाही बघ. पोरीनं लगेच विचारलं, पप्पा, आज्जीची चैन वेगळी का? मला काय सांगताच येईना. हिंदीत 'चैन की नींद' म्हणजे निवांत झोप, आपल्यातपण 'चैन पडत नाही' मध्ये तोच अर्थ राहिलाय, मग 'चैन करतोय' म्हणलं की उधळपट्टी कशी काय झाली? शब्द मूळचा संस्कृत का फारशी? कुणाकडं मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी शब्दकोश असेल तर तेवढं बघून सांगा, पानाचा फोटो टाकला तर लईच बरं, पोरीला नीट सांगायचंय.