शब्दचर्चा : चाळ, खोली, गाळा, बिऱ्हाड

प्रश्न : पुनर्विकासाच्या नोटिशीत आमच्या खोलीला ‘निवासी गाळा’ म्हटलंय. आई म्हणते, गाळा दुकानाचा असतो. आजोबा मुंबईत डिलाईल रोडला होते, मूळ आजऱ्याकडचे. त्यांच्या बोलण्यात ‘आमच्या गाळ्यातली माणसं’ असं सारखं यायचं, पण दुकान आमच्यात कुणीच काढलं नाही. मग गाळा म्हणजे नक्की काय? आणि खोली नि बिऱ्हाड एकच का?

उत्तर : तिघांचंही बरोबर आहे. गाळा म्हणजे दोन खांबांमधली जागा, मग तिथे दुकान थाटा नाहीतर पथारी पसरा. सरकारी मराठीने हा अर्थ उचलला, म्हणून म्हाडाच्या कागदात फ्लॅटवालासुद्धा ‘गाळेधारक’.

आजोबांचा गाळा मात्र गिरणगावातला, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या भागातला. घाटावरून आलेले एका गावचे गडी मिळून एक खोली धरायचे, तो गावाचा गाळा. रातपाळीवाला परत आला की त्याच वळकटीवर टेकायचा, दिवसपाळीवाला तोवर भोंग्याला बाहेर. खोलीत प्रत्येकाची एक ट्रंक, दोरीवर कपडे आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. (याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.) कोकणातली मंडळी याच व्यवस्थेला ‘गावकीची खोली’ किंवा ‘मंडळाची खोली’ म्हणतात.

आता बिऱ्हाड. खोली मोजायची भिंतींनी, बिऱ्हाड चुलीने. गाळ्यात पंधरा गडी असले तरी तिथे बिऱ्हाड नाही. उलट, मधे पडदा लावून दोन भावांच्या बायकांनी दोन स्टोव्ह पेटवले तर खोली एक, बिऱ्हाडं दोन. ‘बायकोला आणली, बिऱ्हाड केलं’ हे जुन्या कामगाराच्या तोंडचं वाक्य आहे. नुसती खोली मिळाली म्हणून कुणी तसं म्हणत नसे.

दुसरं उत्तर : चाळ म्हटली की लोकांना लाकडी कठड्याची गॅलरी आठवते. ती गिरगावातली, खाजगी मालकाची. प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या त्या बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर राहिले. पुढे गव्हर्नर लॉइडच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्याच्या बीडीडी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळ अधिक तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. गंमत म्हणजे बीडीडीला गॅलरीच नाही. मधून बोळ आणि दोन्ही अंगांना दारं. दिवसासुद्धा त्या बोळात दिवा लागतो. बांधकाम सिमेंटचं, अगदी बरॅकीसारखं, आणि सुरुवातीला भाडेकरू येईनात म्हणून बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या होत्या! तरी लोकांनी तिला चाळच म्हटलं, ते बरंच झालं. ‘कामगार वसाहत’ कुणाच्या जिभेवर बसलं असतं?

तिसरं उत्तर : यात बैठी चाळ राहिली. घाटकोपर, विक्रोळीकडे पत्र्याच्या एकमजली खोल्यांच्या रांगेला चाळच म्हणतात, चाळ कमिटीही असते. सरकारदरबारी तीच वस्ती पुष्कळदा ‘झोपडपट्टी’ ठरते. राहणारा मात्र मरेपर्यंत ‘आम्ही चाळीत राहतो’ असंच सांगणार, आणि का सांगू नये?

पहिल्या उत्तरकर्त्याकडून : मान्य. पागडीही जोडून टाकतो, नोटिशीत तिचा त्रास होतो. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मग मालकाने खोली देताना वर रोख घ्यायला सुरुवात केली. पागडी ती हीच. २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तिला मान्यता दिली. पागडीवाला विकत घेतल्यासारखा राहतो, पण कागदावर भाडेकरूच. त्यामुळे ताई, नोटिशीतल्या ‘गाळेधारक’पाशी अडू नका, भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आजोबांच्या नावावर असेल तर वारसांची नावं लावायला घ्या, पात्रता यादी त्याच नावाने लागते.

प्रश्नकर्ती : पावती आजोबांच्याच नावावर निघाली. आणि तिच्यावर ‘गाळा’ही नाही, ‘खोली’ही नाही. ‘रूम नं.’ आहे!