सल्ला हवा: अकरावीच्या सेमिनारला ऑक्टोपस घ्यावा की माकूल (स्क्विड)?

सुनंदा_करवीर: पुतणीचा जीवशास्त्राचा सेमिनार आहे. विषय तिनेच धरलाय: कळपात राहिल्याने मेंदू मोठा होतो का? माकड, हत्ती, डॉल्फिन वर्गातल्या बाकीच्यांनी पळवले. हिच्या वाट्याला समुद्रातले मऊ प्राणी. दहा मिनिटांत बसेल असं काय घ्यावं?

निवृत्त_मास्तर: माकूल घ्या, पण सुरुवात ऑक्टोपसने करा, कारण खरी अडचण तोच उभी करतो. त्याच्या अंगात सुमारे ५० कोटी चेतापेशी, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश हातांत. तरी बहुतेक जाती एकलकोंड्या. आयुष्य बहुधा वर्ष-दोन वर्षांचं, आणि अंडी फुटेपर्यंत आई संपलेली असते, म्हणजे पिल्लांना शिकवणारं कुणीच नाही. मग मेंदू वाढला कशाने? एक तर्क असा, की पूर्वजांचं बाहेरचं कवच गेलं आणि उघडं अंग माशांच्या तोंडी आलं. लपणं, फसवणं, भक्ष्य हुडकणं जमलं तोच टिकला. तर्कच आहे, पुतणीने तो तर्क म्हणूनच सांगावा.

पाण्यातला_पाहुणा: माकुलाचं खरं नवल रंगात आहे. कॅरिबियन समुद्रातले रीफ स्क्विड थव्याने राहतात. नर मादीकडच्या अंगावर एक रंग दाखवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगाने शेजारच्या नराला दटावतो. हम्बोल्ट स्क्विडवर २०२० साली अभ्यास आला. खोल अंधारात ते अंगातला उजेड मागून पाडून कातडीवरच्या नक्ष्या दाखवत असावेत, असं त्यात मांडलंय. गंमत म्हणजे यातले बहुतेक प्राणी रंगांधळे!

निवृत्त_मास्तर: खरं आहे. पण थवा म्हणजे समाज नव्हे. गर्दीनं पोहणं वेगळं, एकमेकांना ओळखून राहणं वेगळं. परीक्षक नेमके इथंच पकडणार, तयारी ठेवा.

बाजारभाव: ताई, नुसती चित्रं दाखवू नका. बाजारातनं अख्खं माकूल आणा, साफ करू नको म्हणून आधीच सांगा. बर्फातलं असलं तरी पाठीवर तांबूस ठिपके दिसतात, त्या रंगाच्या पिशव्या. मेंदू दोन डोळ्यांच्या मधी, मेदूवड्यागत, आणि अन्ननळी त्याच्या भोकातनं जाती. लई मोठा घास गिळायची सोयच न्हाई.

निवृत्त_मास्तर: अंगाच्या पिशवीतली जाड चेता पण दाखवा, माकुलाची ती फारच मोठी असते. तिच्यावरच हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी काम केलं, १९६३चं नोबेल मिळालं.

सुनंदा_करवीर: सगळ्यांचे आभार. मास्तरांचा प्रश्न घेऊनच सुरुवात करायची ठरलीय. पण घरात श्रावण, सासूबाई माकूल दारात येऊ देणार नाहीत.

बाजारभाव: मग कॉलेजच्या लॅबात कापा. नाहीतर श्रावण झाला की गणपती, मग म्हाळ, मग नवरात्र, सेमिनार दिवाळीतच. आणि शाईची पिशवी जपून काढा, पांढरा एप्रन असंल तर.