मदत हवी आहे: इंग्लंडमधील कौन्सिलचा निधी आणि व्हिसाची अट

इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर राहणाऱ्या, शाळेत जाणारी दोन मुले असलेल्या एका मराठी कुटुंबासाठी विचारत आहे. नोकरीचे तास कमी झाल्याने भाडे भरल्यावर हातात फारसे काही उरत नाही. वीज-गॅसचे मीटर प्रीपेमेंटचे, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचे आहे. त्यावरील इमर्जन्सी क्रेडिट (शिल्लक संपल्यावर मिळणारी तात्पुरती उधारी) संपले तरी रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर नसला तरी लागणारा ठरावीक आकार) चढतच राहतो आणि पुढच्या टॉप-अपमधून आधी तोच वळता होतो.

ऑक्टोबर 2021 पासून कौन्सिलमार्फत (स्थानिक प्रशासनामार्फत) अडचणीतल्या कुटुंबांना मिळणारा हाउसहोल्ड सपोर्ट फंड मार्च 2026 अखेर संपून त्याची जागा क्रायसिस अँड रेझिलियन्स फंडाने घेतली, आणि निकष ठरवण्याची बरीच मोकळीक कौन्सिलकडेच आहे, एवढे वाचले आहे. कौन्सिलच्या हेल्पलाइनवर विचारले असता ‘अर्ज करून पाहा’ एवढेच सांगण्यात आले, जे व्हिसा पणाला लागलेल्या माणसाला फारसे उपयोगी नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेची वेळ मागितली आहे. फूड बँकेची मदत सुरू आहे. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) किंवा उत्पन्नावर आधारित कौन्सिल टॅक्सची सवलत कृपया सुचवू नये. व्हिसावरील सार्वजनिक निधी (ठरावीक सरकारी भत्ते व मदत) न घेण्याच्या अटीमुळे ती दारे बंद आहेत.

कौन्सिलने या फंडातून रोख रकमेऐवजी सुपरमार्केटचे किंवा मीटरचे व्हाउचर दिले, तर तेही सार्वजनिक निधीत धरले जाते का, आणि पुढे कायम वास्तव्याच्या अर्जात त्यामुळे अडचण येऊ नये म्हणून कौन्सिलकडून लेखी नेमके काय मागून घ्यावे?