मदत हवी आहे: कॅनन आर१० डीलरकडून घ्यावा की ग्रे मार्केटमधला? १८ हजारांचा फरक पडतोय

नमस्कार मंडळी,

नवीन कॅमेरा घ्यायचाय आणि कुठून घ्यायचा यावर गाडी अडलीय, जाणकारांनी कृपया सांगा. जरा सविस्तर लिहितो.

मी सावंतवाडीचा. पावसाळ्यात आंबोलीला जाऊन बेडूक, साप, पाली यांचे फोटो काढायचा नाद आहे. आतापर्यंत मित्राच्या जुन्या डीएसएलआरवर चाललं होतं, पण तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि त्याच्याबरोबर कॅमेरा पण गेला. मोबाइलवर करून बघितलं. दिवसा ठीक येतात, पण आंबोलीत खरी मजा रात्रीची, मलबार ग्लायडिंग फ्रॉग डोक्याच्या वर पानावर बसलेला असतो, टॉर्च मारला की डोळे चमकतात, आणि मोबाइल नेमका मागच्या फांदीवर फोकस धरून बसतो. मग तोपर्यंत बेडूक उडी मारून मोकळा. आंबोली टोड तर एवढासा असतो आणि चिखलाच्याच रंगाचा, त्याला मोबाइल ओळखतच नाही.

मॉडेल ठरलंय, कॅनन आर१०, १८-१५० लेन्सच्या किटमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्स एकत्र). मित्राकडे कॅनन असल्यामुळे मेनू हाताखालचा आहे, आणि ही लेन्स बऱ्यापैकी जवळून फोकस करते त्यामुळे मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) नंतर सवडीने घेता येईल. तेव्हा प्लीज दुसरे मॉडेल सुचवू नका, प्रश्न फक्त कुठून घ्यावा एवढाच आहे.

कोल्हापुरात ऑफिशियल डीलर आहे, तो १ लाख २ हजार म्हणतोय, पक्कं बिल, कंपनीची वॉरंटी सगळं. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात एका ग्रे मार्केटवाल्याला (म्हणजे कंपनीच्या डीलरऐवजी परस्पर बाहेरून आलेला माल विकणाऱ्याला) फोन केला तर तो सेम किट ८४ हजाराला देतो म्हणाला. मी विचारलं एवढा फरक कसा, तर म्हणे माल ओरिजिनलच आहे, बाहेरून आलेला आहे, फक्त कंपनीची वॉरंटी नाही, आमची एक वर्षाची शॉप वॉरंटी राहील. बिलाचं विचारलं तर म्हणाला बिल पाहिजे असेल तर जीएसटी वेगळा लागेल. तिसरं म्हणजे माझा आतेभाऊ दुबईला असतो, तो गणपतीला येतोय, म्हणजे चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी पोचेल. तिकडे हेच किट आपल्या पैशात साधारण ८० हजाराला पडतंय, तो म्हणतो घेऊन येतो, तू काळजी करू नको.

बाबांचं म्हणणं, कॅमेरा ओरिजिनल आहे ना मग १८ हजार जास्त कशाला घालवायचे, त्यात लेन्स येईल. पटतं पण आणि भीती पण वाटते. कारण आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आंबोलीत उभा राहिलात की वरून पण पाणी आणि बाजूने पण पाणी, कॅमेऱ्यात पाणी शिरलं तर ग्रे मालाला विचारणार कोण? इथून कॅमेरा रिपेअरला द्यायचा म्हणजे मुंबई-पुण्याला पाठवायचा, तिथे जाऊन भांडायला जमणार नाही. आणि दुकानात समोर ठेवलेला पीस ऑफिशियल आहे की नाही हे ओळखायचं कसं? दुबईहून आणला तर कस्टमवाले अडवतात का? कुणी घेतला असेल तर अनुभव सांगा, पाऊस चालू आहे तोवर हातात आला तर बरं होईल.

प्रतिसाद:

मी लग्नाचं शूट करतो, कॅमेरे घेणं-विकणं चालूच असतं. आधी हिशोब करा. ८४ हजारावर १८ टक्के जीएसटी लावा, ९९ हजार १२० होतात. म्हणजे पक्क्या बिलाला पक्क्या बिलाची तुलना केली तर तुमचा फरक १८ हजारांचा नाहीच, तीनेक हजारांचा आहे. जे स्वस्त दिसतंय ते बरंचसं टॅक्स न भरल्यामुळे स्वस्त आहे. पूर्वी कॅमेऱ्यावर २८ टक्के होता तेव्हा कच्च्या बिलात अजून मोठी तफावत दिसायची, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला.

पाण्याचं म्हणाल तर स्पष्ट सांगतो, पाणी शिरलं तर डीलरचा कॅमेरा असला तरी वॉरंटीत होत नाही. वॉरंटी ही बनवण्यातल्या दोषाला असते. आर१० ला वेदर सीलिंग (पाणी-धूळ आत शिरू न देणारं सील) नाही, त्यामुळे रेन कव्हर लागेलच, आणि कोकणातल्या दमटपणात लेन्सला बुरशी येते ती पण वॉरंटीत धरत नाहीत, सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा. तरी पण मी डीलरकडूनच घ्या म्हणेन, आणि ते पक्क्या बिलासाठी. सिरियल नंबर लिहिलेलं बिल असेल तरच इन्शुरन्स काढता येतो, आणि पाणी, पडणं, चोरी हे सगळं पॉलिसीत बसतं की नाही ते विचारून घ्यायचं. कच्च्या चिठ्ठीवर कुणी पॉलिसी देणार नाही. पुढे विकताना पण बिल असलेल्या बॉडीला चार पैसे जास्त येतात.

ग्रे म्हणजे डुप्लिकेट नव्हे, एवढं खरं आहे. कॅमेरा त्याच कारखान्यातून निघालेला, फक्त दुसऱ्या देशासाठी पाठवलेला. असा माल विकणं हाच गुन्हा आहे असंही नाही, दिल्ली हायकोर्टाने २०१२ मध्ये सॅमसंगच्या प्रिंटरच्या केसमध्ये ओरिजिनल माल बाहेरून आणून विकायला परवानगी दिली होती, पण कंपनीची वॉरंटी नाही हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं अशा अटीवर. तुमच्या बोरा बाजारवाल्याने ते सांगितलं, इथवर तो सरळ आहे. बिलाशिवाय विकतोय ती गोष्ट वेगळी.

ओळखायचं कसं, तर बॉक्स फोडायच्या आधी हातात घ्या आणि स्टिकर बघा. रीतसर आयात झालेल्या मालावर इथल्या आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना आणि वर्ष, कस्टमर केअरचा नंबर छापलेला असायला लागतो, लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजन-मापाच्या कायद्याच्या) २०११ च्या नियमात आहे. स्टिकर नसेल किंवा झेरॉक्स मारून चिकटवल्यासारखा वाटला की समजा माल ग्रे आहे. मग बॉक्सवरचा सिरियल नंबर आणि बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर जुळवा, आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या. चार्जर पण बघा, चपट्या दोन पट्ट्यांची पिन थेट चार्जरलाच असेल तर तो अमेरिका-जपानकडचा, तीन जाड चौकोनी पिना असतील तर दुबई नाहीतर हाँगकाँगकडचा. आणि बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. तुम्ही गोव्यातून घेतलात तर ३० ने.

प्रतिसाद:

थोडी दुसरी बाजू. माझ्याकडे ग्रे लेन्स आहेत आणि काही त्रास नाही. लेन्समध्ये बिघडण्यासारखं कमी असतं, म्हणून लेन्स ग्रे घेणारे बरेच आहेत. बॉडीचं तसं नाही, शटर, सेन्सर, मदरबोर्ड, काय कधी जाईल सांगता येत नाही, आणि बॉडीची वॉरंटी बहुतेक करून त्या त्या देशापुरतीच असते. माझ्या ओळखीच्या एकाने ग्रे बॉडी घेतली (ब्रँड लिहीत नाही), चार महिन्यांत कार्ड स्लॉट गेला, सर्व्हिस सेंटरने सिरियल नंबर टाकून बघितला आणि वॉरंटीला नाही म्हणाले. मग दुकानदाराकडे गेला तर त्याने शॉप वॉरंटीत बाहेरच्या मेकॅनिककडून करून दिला, पण त्यात सगळा सीझन गेला. त्यामानाने आपल्याकडे निदान पैसे भरून तरी काम होऊ शकतं, अमेरिकेत निकॉनवाले ग्रे मालाला पैसे घेऊनसुद्धा हात लावत नाहीत.

आणि एक, जपानमध्ये विकायला ठेवलेला सोनी कुणी स्वस्तात देत असेल तर त्याचा मेनू बहुतेक वेळा फक्त जपानीत असतो, भाषा बदलायचा ऑप्शन नसतो. तुम्ही कॅनन घेताय, तुम्हाला हे लागू नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगून ठेवलं.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. जीएसटी लावून हिशोब मी केलाच नव्हता, बाबांना आत्ताच दाखवला, ते गप्प बसून परत आकडे मांडतायत. बोरा बाजार मनातून गेला. आता फक्त दुबईचं कुणी सांगेल का? आतेभाऊ रोज विचारतोय घेऊ का म्हणून, त्याला काहीतरी सांगायला हवं.

प्रतिसाद:

मी शारजाला होतो, आता परत आलोय. २०२६ च्या सुरुवातीपर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज रूल्सप्रमाणे ५० हजारापर्यंतचा माल बिनड्युटी आणता यायचा, त्यावरच्या रकमेला ३८.५ टक्के; आता नवे नियम आहेत, ते बघून घ्या. जुन्या हिशोबाने ८० हजाराचा कॅमेरा म्हणजे वरच्या ३० हजारावर ११ हजार ५५० ड्युटी, झाले ९१ हजार ५५०. त्यात भाऊ बाकी काही आणणार असेल, आणि गणपतीला येणारा माणूस रिकाम्या हाताने येतच नाही, तर ते पण त्याच ५० हजारात मोजायचे. त्या हिशोबाने डीलरपेक्षा दहाएक हजार वाचायचे, पण वॉरंटी तिकडची, म्हणजे बिघडला की परत कुणीतरी दुबईला जाणारा शोधायचा.

लोक बॉक्स टाकून देतात आणि कॅमेरा गळ्यात अडकवून वापरातला म्हणून बाहेर पडतात. तसं करायला भावाला सांगू नका. अडवलं तर सुट्टीचे पहिले दोन तास एअरपोर्टवर जातात, आणि तो तुमच्यासाठी आणतोय, मान खाली त्याची जाते. आणायचाच ठरला तर रेड चॅनलला (ड्युटीचा माल दाखवायचा कस्टमचा मार्ग) दाखवून ड्युटी भरायची आणि पावती जपून ठेवायची. तिकडे राहणाऱ्याला तिथला ५ टक्के व्हॅट परत मिळत नाही, तो टुरिस्टला मिळतो, तेव्हा ८० हजारात व्हॅट धरलाय ना ते पण विचारा.

माझं मत विचाराल तर भावाकडून मेमरी कार्ड, बॅग असलं काहीतरी मागवा. आणि डीलरशी घासाघीस करा, पहिला सांगितलेला भाव शेवटचा नसतो. दिवाळीत ऑफर येतात, पण तुमचे बेडूक दिवाळीपर्यंत थांबणार नाहीत म्हणून आत्ताच बोला. दोन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या आणि एकाचं दुसऱ्याला दाखवा.

धागाकर्ता:

आतेभावाला नको म्हणून सांगितलं, त्याला पण हायसं वाटलं असावं, लगेच ठीक आहे म्हणाला. पणजीच्या एका डीलरला फोन केला, त्याने ९९ हजार सांगितले, ते कोटेशन कोल्हापूरला व्हॉट्सॲपवर पाठवलं तर तोही ९९ ला तयार झाला आणि वर ६४ जीबी कार्ड देतोय. कोल्हापूरला जाताना वाट आंबोलीवरूनच आहे, म्हणून तिकडचंच पक्कं करतोय. स्टिकर, दोन्ही सिरियल नंबर, २७ वाला जीएसटी नंबर, सगळं बघूनच पैसे देईन.

आता एक राहिलं. इन्शुरन्स हौशी माणसाला देतात का, की फोटोग्राफीचा धंदा दाखवावा लागतो? ज्यांनी घरगुती वापराच्या कॅमेऱ्याची पॉलिसी काढलीय त्यांनी पाण्याचं कलम नीट वाचून इथे लिहिलं तर फार मदत होईल. आणि रेन कव्हर कुठलं वापरता तेही सांगा, १८-१५० पूर्ण बाहेर काढली की लांब होते, त्यावर पुरेल असं पाहिजे.