धंद्याबद्दल लिहायला बसलात तेव्हा काय झालं? (तुमचेही अनुभव येऊ द्या)

बॉबीनवाली

काल दुकानात एक बाई आल्या, साठीच्या असतील. पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला आणि म्हणाल्या, "हे तुमचंच ना? इतकी वर्षं यावर भागवलं, आता भागेना म्हणून मशीनच घेऊन आले, रिक्षात आहे." बघते तर माझ्या २०११ सालच्या ब्लॉगची प्रिंट! कोपऱ्याला हळदीचा डाग. मला दोन मिनिटं काही सुचेचना.

तर आमचं मिरजेत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, बाबांचं. मी तेव्हा कॉलेजात, ब्लॉगचं नवीन वेड, म्हटलं दुकानाचा काढूया. पहिली पोस्ट "आमच्याकडे सर्व प्रकारच्या मशीन माफक दरात दुरुस्त करून मिळतील", खाली बाबांचा पासपोर्ट फोटो, तोही आधार कार्डावरच्यासारखा रागीट. महिनाभरात सतरा जणांनी पाहिली, त्यातले बारा वेळा मीच होते. दुसरी पोस्ट दसऱ्याच्या शुभेच्छा. तिसरी दिवाळीच्या. संपलं.

मग एकदा बाबा एका बाईंना समजावत होते आणि मला सहज वाटलं की हे लिहावं. टाका सुटतो म्हणून मशीन आणणाऱ्यांत निम्म्यांची सुईच उलटी असते. सुईची वरची एक बाजू चपटी असते आणि खाली एका अंगाला लांब खाच असते, ती खाच ज्या बाजूला त्याच बाजूनं दोरा ओवायचा, बस. त्याला मेकॅनिक कशाला? ते जसं बोलले तसंच टाइप केलं, "ताई आधी सुई बघा, मग मला शिव्या द्या" यासकट. पुढची पोस्ट खोबरेल तेलाची. घरोघरी मशीनला खोबरेल घालतात हो! थंडीत ते थिजतं, धूळ धरतं आणि मग चाक हलत नाही. बाबा आत रॉकेल ओतून आख्खी मशीन धुवून काढतात तेव्हा आतून पिवळी काकवी निघते अक्षरशः.

त्या दोन पोस्टींवर फोन सुरू झाले. बाबा भडकले, अगं सुई सरळ करायचे मी वीस रुपये घेतो, तू ते जगाला फुकट वाटतेस, दुकान बंद पाडशील माझं. चार दिवस बोलले नाहीत नीट. पण नंतर इचलकरंजी, जयसिंगपूर, एकदा तर बेळगावहून माणूस ओव्हरहॉलिंगला मशीन घेऊन आला, म्हणे ज्याने खोबरेलाचं लिहिलंय त्याच्याकडेच देणार. बाबांनी त्याला चहा पाजला, मला नाही 😄

पुढे लग्न, नोकरी, ब्लॉग बंद पडला, पासवर्डही आठवत नाही. काल तो कागद बघून पोटात कालवलं. तुमच्यापैकी कुणी असं केलंय का, आपल्या कामाबद्दल लिहिलंय का? चाललं का? सांगा.

पुरणयंत्र

मशीनला खोबरेल 🙈🙈 आमची आजी मशीन, घड्याळ, दाराच्या बिजागऱ्या आणि माझं डोकं, सगळ्याला एकच बाटली

कलमवाला

आंब्याचा धंदा, रत्नागिरीजवळ बाग. आमच्याकडे पेटी गेली की तिसऱ्या दिवशी ठरलेला फोन, "आंबा हिरवाच आहे, फसवलंत". अहो तयार आंबा पाठवला तर पुण्यात पोचेपर्यंत रस होईल. रोज तेच तेच सांगून घसा बसायचा म्हणून बायको म्हणाली लिहून काढा एकदा. अढी कशी लावायची ते लिहिलं, पेंढा किती, थर किती, एकावर एक दाबून नको, फ्रीजमध्ये तर मुळीच नको, रोज वरखाली करून वास घ्या, देठाजवळ सुरकुती आली की खायला घ्या. ती लिंक पेटीबरोबर पाठवायला लागलो तर फोन निम्म्यावर आले.

पण खरी चालली ती साक्याची पोस्ट. कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखं निघतं ना, तो साका. बाहेरून कळत नाही, आम्हालाही नाही. उन्हात उतरवून तापलेल्या जमिनीवर ठेवला की वाढतो, जास्त पिकवून काढला तरी वाढतो, म्हणून चौदा आण्यावर (म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधी), सकाळी लवकर, झेल्याने (काठीला जाळी लावलेली असते तो) काढतो आणि लगेच सावलीत. हे सगळं लिहून खाली लिहिलं की तरी डझनात एखादा निघेल, निघाला तर फोटो पाठवा, बदली देतो. भाऊ म्हणाला डोकं फिरलंय तुझं, स्वतःच्या मालाचा दोष कुणी छापतं का. पण त्या वर्षी जे गिऱ्हाईक जोडलं ते आजतागायत आहे.

वाईट इतकंच की एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने आख्खी पोस्ट उचलली, फोटोत माझ्या वडिलांचा हात आहे झेला धरलेला, तो फोटो लावून कर्नाटकचा आंबा विकत होता. २०१८ ला हापूसला जीआय मिळालं, म्हणजे हापूस हे नाव फक्त रत्नागिरी सिंधुदुर्ग रायगड ठाणे पालघरच्या आंब्याला, तेव्हा वाटलं आता आळा बसेल. कसला बसतोय.

पुरणयंत्र

वडिलांचा हात 😡 त्याला फोन केला का?

कलमवाला

केला. म्हणाला नेटवरून घेतला. आता पाटीचाच फोटो लावतो, पाटीवर बागेचं नाव मोठ्ठं.

दळणकांडप

माझी गिरणी आहे, पिठाची. मी पण केलं आणि तोंडावर पडलो. भाच्याच्या ओळखीने एका एजन्सीला १८ हजार दिले, महिन्याला चार लेख. पहिला लेख "आजच्या धावपळीच्या युगात पिठाचे महत्त्व". दुसरा "पीठ म्हणजे काय". अरे माझ्या गिऱ्हाइकाला पीठ म्हणजे काय ते माहीत नसेल तर ते गिऱ्हाईक नाहीच माझं!!! एका लेखात तर बाजरीच्या फोटोखाली ज्वारी लिहिलेलं. कुणीही वाचलं नाही हे एक बरं झालं.

मग मी गिरणीबाहेर फळा टांगला. रोज सकाळी खडूने लिहितो, आज नवी मालदांडी ज्वारी आलीये, हात लावून बघा. सोमवारी पहिला घाणा उपासाच्या भाजणीचा, गिरणी धुऊन, साबुदाणा वरी आणा, नंतर आणलं तर मंगळवारी परत येऊ नका. मिरची दळण शुक्रवारी, दम्याच्या लोकांनी त्या दिवशी गिरणीसमोर उभं राहू नये. कुणीतरी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आता रोज फोटो जातो. एक दिवस लिहिलं नाही तर सहा फोन आले, बरे आहात ना काका?

नाकतोडा

हा हा "नंतर आणलं तर परत येऊ नका" 😂 तुमच्या गिरणीत राहायला यावंसं वाटतंय

ट्रेडलमॅन

छापखाना होता आमचा, पत्रिका वगैरे. २००७ ला मुलाने साइट करून दिली, मी डीटीपीचा मजकूर होता तोच उचलून टाकला, जुन्या फॉन्टमधला. मला स्क्रीनवर मस्त मराठी दिसायचं. तीन महिने रोज एक लेख टाकत होतो, लग्नपत्रिकेत मजकूर कसा असावा, श्री कुठे घालावा, "आहेर आणू नये" नम्रपणे कसं लिहावं. प्रतिक्रिया शून्य. मग एका मित्राने फोन करून विचारलं, अरे तू रोज हे सांकेतिक लिपीत काय पाठवतोस? माझ्या कॉम्प्युटरात तो फॉन्ट होता म्हणून मला दिसायचं, बाकी सगळ्या जगाला डब्बे आणि इंग्रजी कचरा. युनिकोड हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नव्वद लेख परत टाइप करायची ताकद नव्हती. गेले.

बॉबीनवाली

अरे देवा ट्रेडलमॅन 😭 नव्वद!! "आहेर आणू नये" वाला तरी परत लिहा, हवाय मला, भावाचं लग्न आहे.

ट्रेडलमॅन

"आपली उपस्थिती हाच आहेर." पंधरा रुपये झाले 😀

मिशीवाला_मावळा

आता कोण वाचतं पण? रील करा रील. माझा मेहुणा गाड्या धुतो, नुसता फेस दाखवतो, लाखात व्ह्यूज

दळणकांडप

लाखातले किती जण गाडी घेऊन आले?

मिशीवाला_मावळा

विचारतो

माडावरची

आमचं दिवेआगरला घरगुती राहण्याजेवण्याचं आहे, चार खोल्या, मागे वाडी. ब्लॉग म्हणजे मी पाहुण्यांसाठी लिहायचे, उकडीचा मोदक कधी मिळेल (आदल्या दिवशी सांगितलं तरच, नारळ झाडावरचा काढायचा असतो), भरतीच्या वेळा, पावसाळ्यात का येऊ नये, का यावं. बरं चाललं होतं.

मग २०२० चा ३ जून. निसर्ग वादळ. सकाळी वाडी होती, संध्याकाळी नव्हती. सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकाच दिशेला आडव्या. कौलं उडालेली, आठवडेच्या आठवडे वीज नाही. वीज आली तेव्हा पहिल्यांदा फोन चार्ज केला आणि ब्लॉगवर फोटो टाकला, खाली एकच ओळ लिहिली, "यंदा वाडीत सावली नाही". मदत वगैरे मागितली नव्हती, खरंच नव्हती, फक्त येणाऱ्यांना कळावं. पण जुन्या पाहुण्यांनी पुढच्या वर्षाचं बुकिंग आगाऊ पैसे भरून केलं, कोविड चालू, येता येणार नाही हे माहीत असून. त्यातूनच कौलं घातली. सुपारीला लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, आता कुठे पहिली धरायला लागलीयेत. एक पाहुणे येतात ते दरवर्षी आपल्या मुलाला एकाच रोपाशेजारी उभं करून फोटो काढतात. रोप पुढे गेलंय.

पुरणयंत्र

🙏 काय बोलू. पत्ता विचारून घेते मेसेजमध्ये.

कलमवाला

ताई आमची पण कलमं गेली होती, तौक्ते वादळात. समजू शकतो.

नानकटाई_एनजे

मी न्यू जर्सी. इथे २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत घरी भाजून विकणं बेकायदा होतं, विश्वास बसत नाही ना? अमेरिकेत परवानगी न देणारं हे शेवटचं राज्य. त्यामुळे मी आधी काही वर्षं नुसतंच लिहीत होते, विकायला काही नाही! नानकटाईला तडा का जातो (जायलाच हवा), इथल्या बटरमध्ये पाणी असतं म्हणून तूप कढवूनच घ्या, आईच्या कोळशाच्या शेगडीवर पातेल्यात वाळू घालून कशी भाजायचो. परवाना मिळाला त्या आठवड्यात एक ओळ टाकली "आता विकते" आणि दिवाळीची ऑर्डर दोन दिवसांत बंद करावी लागली. लोक आधीच ओळखत होते ना. पण नवरा अजून म्हणतो की तो सगळा काळ तू जाहिरात करत होतीस आणि मला वाटलं छंद आहे.

भाकरतुकडा

कुणाला एफएसएसएआय (खाद्यपदार्थ विकायची सरकारी नोंदणी) बद्दल माहिती आहे का? मी घरून मसाले करते, गोडा आणि कांदा-लसूण. लिहायचं नंतर, आधी ते करावं म्हणतात

नाकतोडा

हो आधी ते. मी २०१९ ला काढलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी, वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी नंबर येतो, तो लेबलवर छापायचा. आताचे नियम एकदा बघून घ्या. आणि कांदा-लसूण मसाला कोल्हापुरी का साताऱ्याचा?

भाकरतुकडा

साताऱ्याचा. आणि आता इथे भांडण नको 😄

कलमवाला

सुरू झालं भांडण

निद्रानाश

माझं वेगळंच. सोलर वॉटर हीटर बसवतो, नाशकात. साइट केली होती, दोन वर्षांनी डोमेनचे पैसे भरायचा मेल आला, मी म्हटलं स्पॅम. तीन महिन्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाचा, रिटायर्ड मुख्याध्यापक, फोन, "तुमच्या संकेतस्थळावर पाण्यात क्षार असतील तर काय करावे ते वाचायला गेलो, तिथे तीन पत्ती चालू आहे. आपला व्यवसाय बदललात का?" कुणीतरी नाव उचलून जुगाराची साइट टाकलेली. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता छापलेला, हजार कार्डं. अजून पेनाने खोडून देतो. पैसे भरा वेळेवर, इतकंच सांगतो.

ट्रेडलमॅन

कार्डं आमच्याकडून छापली असती तर पत्ता पण चुकीचा आला असता, सुटला असतात

मिशीवाला_मावळा

मेहुण्याला विचारलं. तीन गाड्या आल्या. त्यातली एक माझी.

दळणकांडप

😂😂

हंसध्वनी

मिरज म्हणजे सतारमेकर गल्लीच्या जवळ का? आमचा तंबोरा तिथलाच, आजोबांनी आणलेला. भोपळ्याला चीर गेलीये, कुणी दुरुस्त करतं का अजून? (धाग्याशी संबंध नाही, माफ करा)

बॉबीनवाली

करतात की! गल्लीत जाऊन कुणालाही दाखवा. त्यांनी कुणी लिहायला हवं खरं तर, भोपळा कसा निवडतात ते ऐकत बसावं इतकं छान सांगतात.

शेवग्याची_शेंग

बॉबीनवाली ताई, धागा वाचता वाचता आईची मशीन काढली माळ्यावरून, पायमशीन, काळी. वादी शाबूत आहे. चाक फिरतंय पण सुई जागची हलत नाहीये. खोबरेल नाही घातलेलं, शपथ. बिघडली असेल का? इथे चिंचवडात कुणी नीट माणूस माहितेय?

बॉबीनवाली

चाकाच्या मधोमध एक गोल नॉब आहे बघा, छोटा. आईने शेवटची बॉबीन भरताना तो सैल केला असेल, बॉबीन भरताना सुई हलू नये म्हणून करतात तसं. चाक एका हाताने धरा आणि तो नॉब घट्ट पिळा, घड्याळाच्या दिशेने.

शेवग्याची_शेंग

चालली!!!!! अहो चालली! आईची मशीन, सोळा वर्षांनी!! किती द्यायचे सांगा बाबांना?

बॉबीनवाली

बाबा शेजारीच बसलेत, वाचून दाखवलं त्यांना. म्हणाले, "बघ. गेले की नाही वीस रुपये?"