जड मूलद्रव्यं कमी असलेल्या गॅलेक्सीत ग्रह बनतात का?

सातारी_दुर्बीण
एक डाऊट आहे. ग्रह बनायला सिलिकॉन, लोखंड, कार्बन असला माल लागतो, मग जिथं हायड्रोजन-हीलियम सोडून फारसं काही नाहीच तिथं ताऱ्याभोवतीची गॅस-धुळीची चकती, जिच्यातनं ग्रह बनतात, ती २०-३० लाख वर्षांत उडून जाणार असं वाचलेलं. आता जेम्स वेब दुर्बिणीवाले म्हणतायत २-३ कोटी वर्षांच्या ताऱ्यांभोवती पण चकत्या आहेत. नक्की भानगड काय?

कृष्णाकाठ_सांगली
बातमी खरी आहे भावा. स्मॉल मॅगेलॅनिक क्लाउड या आपल्या शेजारच्या छोट्या गॅलेक्सीतला एनजीसी ३४६ हा ताऱ्यांचा क्लस्टर, साधारण २ लाख प्रकाशवर्षं लांब, जड मूलद्रव्यं सूर्याच्या १०-२० टक्केच. हबल दुर्बिणीला आधीच तिथं वय झालेले तारे गॅस ओढताना दिसलेले पण लोकांना पटत नव्हतं, मग गुइडो डी मार्की यांच्या टीमनं वेबवरून १० ताऱ्यांचे स्पेक्ट्रम (प्रकाश रंगांत फोडून मिळणारे पट्टे) काढले, २०२४ च्या डिसेंबरात पेपर आला. ताऱ्यावर पडणाऱ्या हायड्रोजनच्या रेषा तर आहेतच, वर गरम धुळीची इन्फ्रारेड चमक पण आहे, म्हणजे चकती शिल्लक आहे. कारण म्हणून दोन गोष्टी सांगतात. एक तर ताऱ्याच्या प्रकाशाला गॅस ढकलायला जड अणू लागतात, तेच कमी म्हटल्यावर चकती उडायला वेळ लागतो. नाहीतर मुळात ढगच मोठा, म्हणून चकती पण मोठी.

शंकेखोर_मिरजकर
चकती आहे म्हणजे ग्रह आहे असं नाही हां. आपल्या आसपासच्या ताऱ्यांत बघा, जड मूलद्रव्यं कमी तिथं गुरूसारखे मोठे ग्रह पण कमीच सापडतात. गवंड्याला मुदत वाढवून दिली पण वीटच नाही, तर घर कुठनं उभं राहणार!

कृष्णाकाठ_सांगली
मुद्दा बरोबर, पण एम४ या ताऱ्यांच्या क्लस्टरचं काय? तिथं पण जड मूलद्रव्यं कमी, आणि पल्सर आणि श्वेत बटू (दोन्ही मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे) यांच्या जोडीभोवती गुरूच्या अडीचपट वजनाचा ग्रह आहे, २००३ ला हबलनं पक्कं केलं. वय १२ अब्ज वर्षांच्या वर. म्हणजे कमी बनत असतील, पण बनतात.

सातारी_दुर्बीण
लय भारी. यातलं आपल्या इथनं काय दिसेल का?

शंकेखोर_मिरजकर
एनजीसी ३४६ विसरा, साताऱ्यातनं ते पार क्षितिजालाच टेकलेलं असतं. एम४ दिसेल, ज्येष्ठा ताऱ्याच्या अगदी शेजारी. एप्रिल-मे मध्ये यवतेश्वरच्या पुढं कास रोडला जावा, साधी बायनॉक्युलर पुरते, फक्त अमावस्येच्या आसपास जावा आणि गाडीची हेडलाईट बंद ठेवा.